आपल्या पोलीस स्टेशनचा इतिहास कसा लिहायचा

सुरुवात ठाणेदाराच्या खुर्चीमागच्या फलकापासून करा. जवळपास प्रत्येक ठाण्यात तो असतो. लाकडी पाटी, त्यावर पांढऱ्या रंगात अनुक्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी नोकरीची शेवटची वर्षं काढली, तिथला फलक 1961 ला सुरू होतो. 2 जानेवारीला पोलीस स्थापना दिवस असतो. 1961 साली त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. त्या आठवड्यात शाळेची पोरं ठाणं पाहायला येतात. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं फलक वाचला आणि मला विचारलं, "काका, एकसष्टच्या आधी इथं पोलीस नव्हते का?" मी तेव्हा स्टेशन मोहरर, म्हणजे ठाण्यातलं लिखाण करणारा. ठाण्याचा कागद न् कागद माझ्या हाताखालून जायचा. "होते," एवढंच मला सांगता आलं. कोण होते, किती होते, कुठं राहायचे, काहीच नाही.

निवृत्तीनंतरची सहा वर्षं मी त्या प्रश्नामागं घालवली. आता आजूबाजूच्या तालुक्यांतले दोघं-तिघं तरुण "जमादार साहेब, आमच्या ठाण्याचं कसं लिहायचं?" म्हणून फोन करतात. त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवतो.

फलकाचा फोटो घ्या, नावं वहीत उतरवा, पण तिथं थांबू नका. ठाणेदार दोन-तीन वर्षांत बदलून जातो. वीस-वीस वर्षं त्या उंबरठ्यावर ये-जा करतात ते शिपाई, कोतवाल, पाटील आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले फिर्यादी. त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमचं गाव वर्धा नदीच्या कोणत्या काठाला? बाकीचा सगळा शोध यावर अवलंबून आहे. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड. ते निजामाचं. 1853 च्या तहानं कारभार इंग्रजांकडे आला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली, म्हणून इंग्रजांचे कायदे तिथं वेगळा हुकूम काढून लावावे लागत. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य. ते 1854 ला खालसा झालं आणि 1861 ला मध्य प्रांत तयार झाला. त्याच साली पोलीस कायदा आला, 1861 चा पाचवा. जिल्ह्याला एक सुपरिंटेंडंट आणि त्याच्या हाताखाली खालपर्यंत उतरत गेलेली वर्दी, ही घडी तेव्हाची. 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. पुढं 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1960 ला महाराष्ट्रात. माझ्या ठाण्याचा फलक 1961 ला का सुरू होतो, हे इथं उलगडलं. नव्या राज्यात नवा फलक लागला, जुनी नावं कुणी पुढं आणलीच नाहीत.

काठाचा फरक गावपातळीवर जास्त जाणवतो. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; तिथं ठाण्याला खबर देणं हे पाटलाचं काम. आमच्या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणारा मालगुजार आणि गावचा कारभार पाहणारा त्याचा मुकद्दम. मालगुजारी 1951 ला गेली. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानंतर दोन्हीकडे सरकारनं नेमलेला पोलीस पाटील आला. त्यामुळे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला "पाटीलकी कुणाकडे होती?" विचारा आणि आमच्याकडच्याला "मुकद्दम कोण होता?" विचारा. चुकीचा शब्द वापरला तर समोरचा माणूस नुसती मान हलवतो आणि तुम्ही समजता की त्याला काही आठवत नाही.

जिल्हाही तपासा. यवतमाळ 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. गडचिरोली 1982 ला चंद्रपुरातून निघाला, वाशीम 1998 ला अकोल्यातून, गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून. जुने कागद त्या मूळ जिल्ह्याच्या दप्तरात शोधावे लागतात. मध्य प्रांताचे काही कागद तर 1956 नंतर भोपाळला गेले.

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्रज काळातली आपल्याकडची बहुतेक जिल्हा गॅझेटियर 1906 ते 1911 च्या दरम्यान निघाली. वर्ध्याचं 1906 चं, यवतमाळचं 1908 चं, अकोल्याचं 1910 चं, अमरावतीचं 1911 चं. कारभाराच्या प्रकरणात पोलिसांवर दोन-चार परिच्छेद असतात. वाचताना 'स्टेशन हाऊस' आणि 'आउटपोस्ट' यांतला फरक सोडू नका. आज मोठं असलेलं तुमचं ठाणं तेव्हा चार शिपायांचं आउटपोस्ट असू शकतं. संगणकावर शोधत असाल तर जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा. आजच्या स्पेलिंगनं शोधाल तर हाती काहीच लागणार नाही.

आता शब्द. यावर मी जरा थांबणार आहे, कारण हा पुरावा कुणी जाळू शकत नाही. पुण्या-साताऱ्याकडून बदलून आलेला अधिकारी आमच्या ठाण्यात पहिले चार दिवस गोंधळतो. तिकडे 'गु.र.नं.', म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आमच्याकडे 'अप. क्र.', म्हणजे अपराध क्रमांक. तिकडे 'ठाणे', आमच्याकडे 'पो.स्टे.'. आमच्याकडे गुन्हा 'कायम' होतो, म्हणजे नोंदवला जातो, अकस्मात मृत्यूचा 'मर्ग' दाखल होतो, फिर्याद म्हणजे 'जबानी रिपोर्ट', डायरीतली नोंद म्हणजे 'सान्हा', लिहिणारा 'मोहरर' आणि हेड कॉन्स्टेबलला सगळं गाव 'जमादार' म्हणतं. बालाघाट-छिंदवाड्याच्या ठाण्यात जाऊन बसा, हेच शब्द ऐकाल. राज्य बदलून जवळपास सत्तर वर्षं झाली, पण आमच्या मोहररच्या लेखणीतून मध्य प्रांत गेलेला नाही. वहीची शेवटची दहा पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवा. शब्द, त्याचा अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला, असे तीन रकाने पुरेत.

ठाण्यातल्या कागदांचं मात्र शिस्तीनं करावं लागतं. ठाणेदार ओळखीचा असला तरी त्याच्या एकट्याच्या शब्दावर जुनी रजिस्टरं उघडायला लावू नका, उद्या त्रास त्यालाच होतो. पोलीस अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, कशासाठी हवं ते साध्या मराठीत लिहा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. त्या कायद्याचं कलम 8, उपकलम 3 पाठ करून ठेवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, दोन-तीन अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. अर्जात "ठाण्याची सर्व जुनी माहिती द्यावी" असं लिहिलं की अर्ज परत आलाच म्हणून समजा. रजिस्टरचं नाव लिहा, साल लिहा. अमुक साली मंजूर मनुष्यबळ किती होतं, ठाणं कोणत्या आदेशानं स्थापन झालं, हद्दीत किती गावं होती, असं नेमकं विचारा.

आणि एक अर्ज हमखास करा: नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि मुदत संपलेले कागद यादी करून नष्ट होतात. कागद गेला तरी यादी उरते, आणि आपल्या ठाण्यात एके काळी काय काय होतं ते तिच्यावरून कळतं.

हे मी का सांगतो? नोकरीत नवा असताना एका ठाण्यात वार्षिक इन्स्पेक्शन लागलं होतं. साहेबांनी मालखान्याशेजारची खोली रिकामी करायला सांगितली. वाळवी लागलेले गठ्ठे आम्ही दोघा शिपायांनी मागच्या निंबाखाली नेले. लाल बासनातलं एक रजिस्टर मी उघडून पाहिलं होतं. रोजनामचा होता, म्हणजे ठाण्याची रोजची डायरी, पहिल्या पानावर 1934 साल, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. "जमादार मौजे अमुक येथे रवाना, सोबत शिपाई एक, पायी." एवढी एक ओळ वाचली आणि ते आगीवर ठेवलं. यादी-बिदी काही झाली नाही. त्या दिवशी कुणीतरी माझा हात धरायला हवा होता. तुमच्या ठाण्यात अशी साफसफाई निघाली असं कानावर आलं तर त्याच दिवशी अधीक्षक कार्यालयात लेखी पत्र द्या आणि नागपूरच्या अभिलेखागारालाही कळवा.

माझा सर्वांत जास्त जीव ज्याच्यावर आहे, तो कागद ठाण्यात सापडत नाही, तहसीलमध्ये सापडतो. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. आज लोक जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढतात आणि पुन्हा त्याकडे बघत नाहीत. पण हे मुळात पोलीस स्टेशनशी बांधलेलं काम होतं. आपल्याकडे गावातला जन्म आणि मृत्यू कोतवालानं ठाण्यात येऊन कळवायचा असे. ठरलेल्या दिवशी तो यायचा, मोहरर त्याच्या सांगण्यावरून लिहून घ्यायचा. गाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मेला तर कशानं मेला.

हद्दीतल्या एका गावी असा एक म्हातारा भेटला. वय पंच्याऐंशीच्या वर, बाप कोतवाल होता. कोतवालकी आपल्याकडे बहुतेक गावांत महारांकडे असे, यांच्याकडेही होती. मी ओसरीवर बसलो आणि "काकाजी, तुमचे वडील ठाण्यात कसे जायचे?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "बजाराच्या दिवशी जाये माहा बाप. सात कोस. हातात काठी अन् कमरेले वही. लिहता येत नव्हतं त्याले, पन गावात कोन जनमलं, कोन मेलं, सारं तोंडपाठ. एका मान्सासाठी एक गाठ मारे धोतराच्या काठाले. मुन्शी लिही तशी गाठ सोडे." हे सांगताना त्यांनी स्वतःच्या धोतराचा काठ चिमटीत धरून गाठ मारून दाखवली आणि सोडूनही दाखवली.

त्यानंतर मी तहसीलमध्ये त्या गावचं पुस्तक मागवलं. 1918 च्या ऑक्टोबरचं पान उघडलं. इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत भयंकर होती. कारणाच्या रकान्यात ओळीखाली ओळ एकच शब्द: ताप. ताप. ताप. नेहमी महिन्याला अर्धं पान भरायचं, त्या महिन्यात पानं उलटत गेलो तरी महिना संपेना. मधेच अक्षर बदलतं. आधीचा मोहरर आजारी पडला, मेला की बदलून गेला, ते पुस्तक सांगत नाही. धोतराच्या काठाला त्या आठवड्यात किती गाठी असतील, एवढाच विचार मी करत राहिलो.

तुम्ही हे पुस्तक बघाल तेव्हा फ्लॅश न लावता फोटो घ्या, पान दाबू नका, आणि महिन्यावार नुसती मोजणी करा. देवी, महामारी, ताप, सर्पदंश अशी कारणं वेगळी मोजा. मोडी आली तर अडून बसू नका. मोडी वाचणारा माणूस अजूनही प्रत्येक जिल्ह्यात सापडतो, आणि नाव-गाव-कारण या तीनच गोष्टी असल्यानं आठ दिवसांत तुमच्याही डोळ्याला वळण पडतं.

माणसांशी बोलताना तारीख विचारू नका, सण विचारा. "पोळ्याच्या कराला", "गौरी-गणपतीत", "कापूस वेचणी चालू होती तेव्हा" असं उत्तर येतं. मग जुन्या पंचांगावरून तारीख काढायची. याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. आष्टी आणि चांद्याकडचं, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर, दोन्हीकडचे म्हातारे नागपंचमी म्हणायचे. 1942 च्या 'चले जाव' चळवळीतली ती नागपंचमी म्हणजे 16 ऑगस्ट. त्या दिवशी आष्टीत मोर्चा पोलीस स्टेशनवर गेला, गोळीबार झाला, गावकरी पडले, नंतर जमावाच्या हातून ठाण्यातले अधिकारी आणि शिपाईही मेले. चिमुरात बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा गोळीनं गेला, तिथंही अधिकारी मारले गेले. पुढं गोऱ्या सैनिकांनी चिमुरात जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं. अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती, देशभर आवाज उठल्यावर ती टळली.

पोलीस म्हणून हे लिहिणं मला सोपं गेलं नाही. हुतात्म्यांपुढं माझी मान आपोआप खाली जाते. पण तो मेलेला शिपाईही याच मातीतला, पगारासाठी वर्दी घातलेला माणूस होता, आणि त्याच्या घरीही त्या दिवशी नागपंचमीच होती. माझं मत विचाराल तर तुमच्या ठाण्याच्या इतिहासात दोन्ही बाजूंची नावं असू द्या. कोण बरोबर होतं हे गावाला ठाऊक आहे.

तशीच दुसरी बाजू पारधी बेड्याची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीची. 1871 ला 'गुन्हेगार जमाती' कायदा आला, 1952 ला तो रद्द झाला. जन्मलेलं मूल गुन्हेगार धरायचं, असा तो कायदा. रद्द झाला तरी सवय गेली नाही. आमच्या हद्दीतल्या बेड्यावर एक आजी मला म्हणाली, "चोरी कुठीबी होवो, गाडी आमच्याच बेड्यावर ये." त्या गाडीत मी बसलेलो आहे. एकदा नाही, अनेकदा. मी तिला ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि दोन तास बोलत राहिली. ठाण्याची रजिस्टरं तुम्हाला बेडा कुठं होता ते सांगतील. गाडी आल्यावर लेकरं कुठं लपायची, ते तिच्याकडूनच कळतं. बेड्यावर वर्दीतल्या माणसाला सोबत नेऊ नका.

इमारतीचं काम त्यामानानं सोपं. भूमी अभिलेख कार्यालयात आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा कागद मिळतो. नागपूर बाजूला मिसल बंदोबस्त (इंग्रज काळातलं जमाबंदीचं दप्तर) आणि 1954-55 चं अधिकार अभिलेख काढा, जागा आधी कुणाच्या नावावर होती ते दिसतं. जुनी इमारत उभी असेल तर छपराची कवेलू (कौलं), जोत्याचा दगड, हवालातीचे गज, शिपाई लाईनच्या खोल्या, सगळ्यांचे फोटो आणि मापं घ्या. पाडायला वेळ लागत नाही.

अलीकडच्या काळाचं फार ताणू नका. दारूबंदी असेल तर तिच्याबद्दल नक्की लिहा. आमच्या जिल्ह्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं) नासवणं, नाल्याकाठच्या हातभट्ट्या फोडणं, यात आमच्या ठाण्याच्या मनुष्यबळाचा किती वाटा गेला हे कुणी लिहिलेलं नाही. 15 सप्टेंबर 2015 ला राज्यात संगणकीकृत नोंदणी सुरू झाली आणि हातानं लिहिलेल्या प्रथम खबरेचा (एफआयआरचा) काळ संपत गेला. तुमच्या ठाण्यात शेवटची हस्तलिखित खबर कुणी लिहिली, हे आता विचारलं तर कळेल. दहा वर्षांनी नाही.

लिहायला बसाल तेव्हा काही गोष्टी बाहेर ठेवा. खबऱ्याचं नाव कधीही नाही, तो मेलेला असला तरी नाही, त्याची नातवंडं गावात असतात. अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हाच आहे, पूर्वी भादंविचं 228-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72. जुन्या खुनाच्या गोष्टी गावात रंगवून सांगतात. निकाल काय लागला ते कोर्टातून काढल्याशिवाय कुणाला खुनी लिहू नका. निर्दोष सुटलेल्या माणसाला पुस्तकात पुन्हा आरोपी करण्याचा हक्क आपल्याला नाही.

शंभर पानं झाली तरी पुष्कळ. तीन प्रती बांधून घ्या: एक ठाण्यात आवक नोंद करून, एक गावच्या वाचनालयात, एक तुमच्याकडे. आणि शेवटी नावांची सूची करा, पान क्रमांकासह. हे काम कंटाळवाणं आहे, मला पंधरा दिवस लागले, पण लोक पुस्तक मागच्या बाजूनं उघडतात. कोतवालाचा तो मुलगा, ज्यानं मला गाठ मारून दाखवली, त्याच्या घरी मी छापून घेतलेली पानं घेऊन गेलो, तेव्हा त्यानं नातवाला हाक मारली आणि म्हणाला, "पाह्य बरं, माह्या बापाचं नाव कोन्या पानावर हाय?" नातवानं सूचीतून बोट फिरवलं. एकेचाळीस. म्हाताऱ्यानं पान उघडून घेतलं, नाव कुठं आहे ते विचारून त्यावर अंगठा ठेवला, आणि मी निघेपर्यंत तो तिथंच होता.